घराखालची जमीन आणि घरांतील दुखणें

घरांत दुखणें आलें कीं त्याचा दोष कोणावर तरी ठेवावा असें माणसाला वाटतें. वैद्यानें निदान केलें, औषध दिलें आणि तें लागू पडलें तर प्रश्न तेथेंच मिटतो. परंतु निदान होत नाहीं, झालें तर ऐकवत नाहीं, आणि एक माणूस उठतो न उठतो तोंच दुसरें अंथरूण धरतें, अशा वेळीं घरांतील मंडळी घराकडेच संशयानें पाहूं लागतात. “या वास्तूंत आल्यापासून सुख नाहीं,” हें वाक्य पुण्याच्या पेठांतील वाड्यांत एके काळीं जितकें ऐकूं येई, तितकेंच तें आज कोथरूड-औंधच्या बाराव्या मजल्यावरहि ऐकूं येतें. भेद इतकाच, कीं पूर्वीं दोष पिंपळावरच्या मुंजाला किंवा जमिनींत पुरलेल्या हाडांना लागे. आतां तो भूमीच्या पोटांतून वर येणाऱ्या घातक ऊर्जेला लागतो. ‘जिओपॅथिक स्ट्रेस’ हें त्या दोषाचें नवें नांव.

या मताचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. जमिनीखालून पाण्याचे प्रवाह वाहतात, खडकांना भेगा असतात, आणि शिवाय सबंध पृथ्वीवर ऊर्जेच्या रेषांचें एक अदृश्य जाळें पसरलेलें आहे. जेथें या रेषा एकमेकींस छेदतात किंवा जेथून पाण्याचा प्रवाह जातो, त्या जागेवर खाट आली तर झोप लागत नाहीं, सांधे धरतात, आणि वर्षानुवर्षें तेथेंच निजणाऱ्यास कर्करोगापर्यंत कांहींहि होऊं शकतें. तपासणीस येणारा जाणकार काटकोनांत वाकविलेल्या तांब्याच्या दोन काड्या दोन हातांत धरून खोलींतून सावकाश चालतो. काड्या एकमेकींकडे वळल्या कीं दोष सांपडला. मग खाट हलवावयाची, नाहीं तर तांब्याची तार, पिरॅमिड किंवा असेंच कांहीं साधन बसवावयाचें. साधनाची किंमत अर्थातच वेगळी.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं हें मत आपल्या जुन्या वास्तुशास्त्रांतूनच आलेलें आहे. वस्तुतः त्याचा जन्म जर्मनींतला. गुस्ताव्ह फॉन पोल नांवाचा गृहस्थ १९२९ सालीं बव्हेरियांतील फिल्सबिबुर्ग या लहान गांवीं हातांत काठी घेऊन हिंडला, गांवाच्या नकाशावर त्यानें भूकिरणांच्या रेषा काढल्या, आणि कर्करोगानें मेलेल्यांच्या खाटा नेमक्या त्या रेषांवर होत्या असें जाहीर केलें. १९३२ सालीं त्याचा ग्रंथहि निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्न्स्ट हार्टमान या जर्मन डॉक्टरानें दक्षिणोत्तर आणि पूर्वपश्चिम रेषांचें जाळें सांगितलें. मान्फ्रेड करी यानें तिरप्या रेषांचें दुसरें जाळें सांगितलें. पुढें आपल्याकडे वास्तुशास्त्राला नवा बहर आला तेव्हां हें परदेशी कलम त्या झाडावर बांधलें गेलें, आणि आतां तें मूळच्या फांदीसारखेंच दिसूं लागलें आहे.

जुन्या ग्रंथांत भूमीची परीक्षा नाहीं असें नव्हे. परंतु ती निराळ्या जातीची आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वास्तुविद्येच्या प्रकरणीं सांगितलें आहे, कीं हातभर खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हां त्यांतच भरावी. माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसरी परीक्षा अशी, कीं तो खड्डा पाण्यानें भरावा, शंभर पावलें चालून परत यावें आणि पाणी किती उतरलें तें पाहावें. आजचा अभियंता पाया घालण्यापूर्वीं मातीचा घट्टपणा आणि पाणी झिरपण्याचा वेग मोजतो. त्याचेंच हें घरगुती रूप होय. या परीक्षांचा विशेष हा, कीं त्या दहा माणसांनीं केल्या तरी उत्तर एकच येतें, आणि तें उघड्या डोळ्यांनीं दिसतें.

त्याच ग्रंथांत दकार्गल नांवाचा अध्याय आहे. मनुष्याच्या अंगांत जशा रक्तवाहिन्या तशा भूमीच्या पोटांत पाण्याच्या शिरा, अशी त्यांतील कल्पना. कोणत्या झाडापासून किती हातांवर, वारुळाच्या कोणत्या बाजूस, किती पुरुष खोलीवर पाणी लागेल याचे अनेक ठोकताळे तेथें दिलेले आहेत. ते सर्वच खरे ठरतील असें नाहीं. पण तो अध्याय शिरा शोधून विहीर खणावी यासाठीं लिहिलेला आहे, त्यांच्यापासून दूर पळावें यासाठीं नव्हे. दुष्काळी गांवांत आजहि पाणाड्याला बोलावतात तें याच आशेनें. जो प्रवाह पुरंदरच्या शेतकऱ्याला भाग्य वाटतो, तोच पुण्याच्या सदनिकेखालीं आला कीं रोगाचें मूळ ठरावा, हा न्याय चमत्कारिक आहे.

पुण्यानें तर या मताची परीक्षा नकळत पूर्वींच घेऊन ठेवलेली आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतून शहरांत पाणी आणण्यासाठीं जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ घालण्यांत आला. तो कांहीं ठिकाणीं इतका मोठा आहे, कीं माणसानें आंत उतरून चालावें. शनिवारवाड्याला आणि काळा हौद, बदामी हौद यांसारख्या पेठांतील हौदांना त्याचें पाणी मिळे. म्हणजे पेठांतील जमिनीखालून पाणी वाहतें हा कोणा काडीवाल्याचा अंदाज नव्हता. तें प्रत्यक्ष वाहत होतें, आणि त्याच्या दोहों बाजूंस माणसें पिढ्यान् पिढ्या राहिलीं, निजलीं, म्हातारीं झालीं. वाड्यावाड्यांत विहिरी होत्या त्या वेगळ्याच. वाहत्या पाण्याजवळ निजणें घातक असतें, तर कात्रजच्या नळाची वाट आजाऱ्यांच्या घरांवरून ओळखतां आली असती. पुण्यांत त्या नळाची ख्याति आहे ती पाण्याची, रोगाची नव्हे.

भूगर्भशास्त्राचें उत्तरहि याच दिशेचें आहे. पुण्याची जमीन म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. अशा काळ्या खडकांत पाणी नळांतून वाहावें तसें वाहत नाहीं. वरच्या झिजलेल्या मुरमांत, खडकाच्या फटींत आणि छिद्राळ थरांत तें मुरतें, साठतें आणि सावकाश सरकतें. पावसाळा संपल्यावर शहराच्या बहुतेक भागाखालीं, कोठें वर तर कोठें खोल, पाणी असतेंच. म्हणून ‘तुमच्या खाटेखालीं पाणी आहे’ हें भविष्य पुण्यांत सहसा चुकत नाहीं. आणि तें कधींच चुकत नाहीं म्हणूनच आजाराविषयीं त्यापासून कांहीं कळत नाहीं.

रेषांच्या जाळ्याचेंहि असेंच आहे. हार्टमानच्या जाळ्यांत दक्षिणोत्तर जाणाऱ्या दोन रेषांमध्यें सुमारें २ मीटर आणि पूर्वपश्चिम जाणाऱ्या दोन रेषांमध्यें सुमारें २.५ मीटर अंतर सांगितलें जातें. आतां १.८ मीटर लांब आणि ०.९ मीटर रुंद अशी एक साधी खाट दक्षिणोत्तर घालावी. ती डोळे मिटून कोठेंहि ठेवली तरी १०० पैकीं सुमारें ८५ वेळां तिच्याखालून निदान एक रेषा जाईल, आणि सुमारें ३२ वेळां दोन रेषांचा छेदच तिच्याखालीं येईल. खाट दुहेरी, म्हणजे रुंदीलाहि १.८ मीटर, असली तर रेषा ९७ वेळां आणि छेद सुमारें ६५ वेळां येईल. हें साधें गणित शाळेंतील मुलानेंहि करून पाहावें. कर्करोग झालेल्या माणसाच्या खाटेखालीं रेषा सांपडली यांत मग नवल तें काय? ऐंशी वर्षांचे ठणठणीत आजोबा ज्या खाटेवर घोरत असतात तिच्याखालींहि ती आहेच. मात्र तेथें काड्या घेऊन कोणी जात नाहीं.

असें असलें तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. घराच्या जमिनींतून रोग वर येतो ही शंका मूर्खपणाची नाहीं, आणि पुण्यानें ती एकदां फार भयंकर रीतीनें अनुभवली आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग ओळखला गेला. थोड्याच अवधींत तो पुण्यांत आला, आणि १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चांत त्यानें शहर पोखरलें. त्याच साथींत आजाऱ्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला व १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. रँडसाहेबांची प्लेग कमिटी, घरांत शिरणारे गोरे शिपाई आणि २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनीं केलेला वध ही राजकीय कथा महाराष्ट्रांतील प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याच कथेच्या पोटांत एक वैद्यकीय कथा आहे. ती मात्र क्वचितच सांगितली जाते.

प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें अलेक्झांडर येर्सिन यानें शोधून काढला होता. परंतु तो माणसाच्या अंगांत शिरतो कसा, हें १८९७ सालीं कोणालाच नीट ठाऊक नव्हतें. सरकारी डॉक्टरांचा कल असा, कीं विष घाणींत आहे, ओलसर भिंतींत आहे, मातीच्या जमिनींत आहे. म्हणून घरें धुऊन काढलीं, भिंतींना चुना लावला, जंतुनाशक द्रव्यें शिंपडलीं आणि जमिनी उकरल्या. सामान रस्त्यावर आलें, देवघरें विस्कटलीं, लोक संतापले. आणि इतकें करूनहि प्लेग हटला नाहीं. पुढें कित्येक वर्षें तो फिरून फिरून येत राहिला.

इकडे सामान्य लोकांनीं मात्र एक गोष्ट हेरली होती. घरांत उंदीर पडूं लागले कीं मागोमाग माणसें पडतात. “उंदीर पडले” एवढे दोन शब्द कानीं आले कीं लोक घराला कुलूप लावून रानांत झोपड्या घालून राहूं लागले, आणि जे वेळेवर गेले ते पुष्कळदां वांचले. १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराची येथें प्रयोग करून दाखविलें, कीं मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा प्लेगचा जंतु नेतात. त्याचें म्हणणें प्रथम कोणी मानलें नाहीं. १९०५ नंतर मुंबईंत झालेल्या मोठ्या संशोधनानें तें पक्कें ठरलें. रोग घराच्या जमिनींतून येत होता हें खरेंच होतें. पण तो जमिनीचा नव्हता, जमिनींतल्या बिळांचा होता. ज्यांनीं जमीन उकरली त्यांचा हेतु वाईट नव्हता. त्यांच्यापाशीं सर्व गोष्टींना लागू पडणारें एक मत होतें, आणि ज्यांनीं उंदीर मोजले त्यांच्यापाशीं एक पाहिलेली गोष्ट होती. पुण्याच्या इतिहासांत मताची किंमत आणि पाहिलेल्या गोष्टीची किंमत इतकी उघड फार थोड्या वेळां झाली असेल.

आजच्या भूमिगत ऊर्जेच्या मतालाहि हाच प्रश्न विचारावयाचा आहे: यांत पाहिलेली गोष्ट कोणती? काड्या वळतात, हें उत्तर मिळेल. काड्या वळतात हें खरें आहे, आणि धरणारा माणूस बहुधा लबाडीहि करीत नसतो. १८५३ सालीं लंडनमध्यें भुतांच्या टेबलांचें वेड पसरलें होतें. माणसें टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल आपोआप सरके. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञानें हातांखालीं सरकणारे पुठ्ठे बसवून दाखविलें, कीं बसलेल्यांचे हातच टेबल ढकलतात. फक्त त्यांना तें कळत नाहीं. काड्यांचेंहि तसेंच. त्या अशा तोलून धराव्या लागतात, कीं मनगट केसभर कललें तरी त्या वळाव्या. आणि जेथें कांहीं तरी सांपडेल अशी अपेक्षा असते तेथें मनगट कलतेंच.

याच्या रीतसर परीक्षाहि झालेल्या आहेत. १९८७-८८ सालीं म्युनिक शहराजवळ एका दुमजली कोठारांत खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावर ठेवला होता. त्याची जागा प्रत्येक वेळीं बदलली जाई, आणि वरच्या मजल्यावरून ती ओळखावयाची होती. शेंकडों उमेदवारांतून निवडलेल्या ४३ जणांनीं ८४३ वेळां प्रयत्न केला. प्रयोग करणाऱ्यांना त्यांतील थोड्या जणांत खरी शक्ति दिसली. परंतु १९९९ सालीं जेम्स एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञानें तेच आंकडे पुन्हां तपासून दाखविलें, कीं एकंदर यश नशिबाच्या कौलाहून वेगळें नव्हतें, आणि एका वेळीं चमकलेला माणूस दुसऱ्या वेळीं चमकला नव्हता. १९९० सालीं जर्मनींतच कासेल येथें पुरलेल्या नळावर आणखी ३० जणांची परीक्षा झाली. तिचाहि निकाल तोच.

अशी परीक्षा कशी घ्यावी याचा धडा पुण्यानेंहि घालून दिला आहे. २००८ सालीं डॉ. जयंत नारळीकर यांनीं डॉ. नरेंद्र दाभोलकर व इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका एकत्र करून, त्यांतील चाळीस चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिष्याकडे पाठविल्या, आणि कोणती कोणाची एवढेंच विचारलें. २७ ज्योतिष्यांचीं उत्तरें आलीं. त्यांपैकीं बरोबर ४६ टक्के. नाणें उडवून ५० टक्के आलें असतें. कोणाचा अपमान नाहीं, वाद नाहीं. प्रश्न असा घातला कीं उत्तर चूक ठरूं शकेल.

ज्या घरीं काडीवाला यावयाचा आहे, त्या घरांतहि ही परीक्षा विनासायास होऊं शकते. एका खोलींत एका जाणकारानें दोषाची जागा दाखवावी. ती वहींत टिपून ठेवावी, जमिनीवर खूण करूं नये. चार दिवसांनीं दुसऱ्या जाणकारास, पहिल्याविषयीं अवाक्षर न काढतां, त्याच खोलींत बोलवावें. किंवा एकाच माणसाचे डोळे बांधून त्यास दोनदां चालवावें. दोन्ही वेळां जागा एकच निघते कीं नाहीं तें पाहावें. वराहमिहिराची माती दोन माणसांच्या हातीं दोन उत्तरें देत नाहीं. काड्यांनींहि देऊं नयेत, इतकीच अपेक्षा.

येथें पुष्कळ जण म्हणतील, “पण खाट हलविल्यावर झोप लागूं लागली, त्याचें काय?” तीहि गोष्ट खोटी नसते. खाट हलली म्हणजे पुष्कळ कांहीं हलतें. ती ओल आलेल्या भिंतीपासून दूर जाते, रस्त्यावरच्या दिव्याच्या तिरिपेंतून बाहेर येते, कोपऱ्यांतील डांसांपासून सुटते, तिला वारा लागतो. शिवाय माणूस जाणकाराला बोलावतो तेव्हां त्रास पराकोटीला पोंचलेला असतो; आणि संधिवात, निद्रानाश, अर्धशिशी हे विकार असे आहेत, कीं ते पराकोटीला गेल्यावर कांहींहि न करतां कांहीं दिवस उतरतात. आणि शेवटीं, कोणी तरी घरीं आलें, तासभर बसलें, तुमचें दुखणें खरें आहे असें म्हणालें, आणि त्याला कारण दाखविलें, यानेंच आजारी माणसाला धीर येतो. हा धीर लहान नव्हे. डॉक्टरांच्या गर्दीच्या दवाखान्यांत तो मिळत नाहीं म्हणूनच लोक तो काडीवाल्याकडे शोधतात, हेंहि वैद्यक व्यवसायानें ऐकून ठेवण्यासारखें आहे.

मात्र ज्याला भूमींतून येणारा खरा अपाय पाहावयाचा आहे, त्याला तोहि पाहतां येतो. खडक-मातींतील युरेनियम अब्जावधि वर्षें झिजत असतें आणि त्यापासून पुढें रेडॉन नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. जमिनीच्या भेगांतून तो बंदिस्त तळघरांत व तळमजल्यावर साठतो. १९८४ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत अणुवीजकेंद्राच्या बांधकामावरील एक अभियंता दरवाजांतून जातांना किरणोत्सर्गाची घंटा वाजूं लागली. ती केंद्राबाहेर पडतांनाच नव्हे, तर सकाळीं आंत येतांनाहि वाजे; आणि केंद्रांत तर अजून वीजनिर्मितीच सुरू झालेली नव्हती. शोध घेतां असें दिसलें, कीं तो किरणोत्सर्ग स्वतःच्या घरूनच घेऊन येत होता. घराच्या हवेंत रेडॉनचें प्रमाण अफाट होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं सांगितलें, कीं देशपरत्वें फुप्फुसाच्या कर्करोगांपैकीं ३ ते १४ टक्के रेडॉनमुळें होतात, आणि घरांतील हवेंत त्याचें प्रमाण शक्यतों दर घनमीटरास १०० बेक्वेरेलच्या आंत असावें. धूम्रपान करणाऱ्यास त्याचा धोका फार अधिक.

रेडॉन आणि भूमिगत ऊर्जा यांची तुलना करण्यासारखी आहे. रेडॉन यंत्रानें मोजतां येतो, आणि एक लहानशी डबी खोलींत कांहीं महिने ठेवली तर आंकडा मिळतो. तो एका रेषेवर उभा राहत नाहीं. सबंध खोलीभर पसरतो. तळमजल्यावर तो सर्वांत अधिक. जमिनींतून येणारा रेडॉन वरच्या मजल्यांपर्यंत फारच थोडा पोंचतो. भूमिगत ऊर्जा मात्र बाराव्या मजल्यावरहि तितकीच प्रखर असते म्हणतात. रेडॉनवर उपाय म्हणजे फरशीच्या भेगा बुजविणें आणि खिडक्या उघड्या ठेवणें. पुण्याच्या काळ्या खडकांत युरेनियम ग्रॅनाइटच्या मानानें थोडें असतें, आणि आपलीं घरें थंड देशांतील घरांप्रमाणें कोंदट बंद नसतात; म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. पण भूमीचा दोष म्हणजे काय, तो मोजावा कसा आणि घालवावा कसा, याचा खरा नमुना हा आहे.

पुण्याच्या घरांत याहूनहि जवळचे शत्रु आहेत. बंद न्हाणीघरांत गॅसचा गीझर चालला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु साठतो व माणूस आंघोळ करतां करतां बेशुद्ध पडून मरूं शकतो. त्यासाठीं गीझर न्हाणीघराबाहेर हवा आणि झरोका उघडा हवा. कुंडीखालच्या ताटलींत, गच्चीवरच्या उघड्या टाकींत, थंड हवेच्या कूलरमध्यें साठलेल्या पाण्यांत डेंग्यूचे डांस होतात. आठवड्यांतून एकदां तें पाणी ओतून भांडें कोरडें करावें. गळक्या नळामुळें ओल आलेली भिंत बुरशी धरते, आणि दम्याचें माणूस त्या भिंतीशेजारीं कधींच सुखी होत नाहीं. घराची वास्तुपरीक्षा करावयाचीच असेल तर ती या चार ठिकाणांपासून करावी. त्यासाठीं काड्या लागत नाहींत. डोळे आणि नाक पुरतात.

आतां या सर्वांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. खाट हलविली, तार बसविली, चार पैसे गेले. मनाचें समाधान झालें. समाधानाचा आजार असेल तर बिघडत नाहींच. परंतु तीन आठवडे न थांबणारा खोकला, बाईच्या स्तनांतील न दुखणारी गांठ, कारण नसतां उतरणारें वजन, शौचांतून पडणारें रक्त, यांना थांबून चालत नाहीं. अशा वेळीं जो महिना खाटेची दिशा बदलण्यांत जातो, तोच महिना उपचाराचा असतो. क्षयाची थुंकी तपासावयाची राहून जाते, आणि तोंवर घरांतील नातवंडांनाहि क्षयाची लागण होऊं शकते. भूमिगत ऊर्जा आहे कीं नाहीं हा वाद घरानें सावकाश घालावा. मात्र त्या वादाची किंमत आजाऱ्याच्या दिवसांतून दिली जाऊं नये.

कायद्याचा आधार येथें थोडाच आहे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. १९५४ च्या औषधें व जादूचे उपाय यांविषयींच्या कायद्यानें कर्करोगासारख्या रोगांवर जादूच्या उपायांची जाहिरात करण्यास बंदी आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. दाभोलकर यांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. परंतु वास्तुशास्त्राचा सल्ला आणि पाणाड्याचा सल्ला या गोष्टी त्या कायद्यानें आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. तेव्हां घराच्या उंबरठ्यावर पहारा करावयाचा तो घरच्यांनींच. आणि तो करतांना वडील माणसांची टवाळी करूं नये. आजारी नातवासाठीं काडीवाल्याला बोलावणारी आजी त्याच्या मायेपोटींच बोलावते. “आजी, आधीं डॉक्टरांकडे जाऊं, मग तुम्ही म्हणाल तेथें खाट घालूं,” एवढें म्हटलें तरी घरांतील शांतता राहते आणि नातवाचा वेळहि वांचतो.

आजाऱ्याची खाट कोठें घालावी याचें जुनें उत्तर अजून उत्तम आहे. जेथें सकाळचें ऊन येतें, जेथें वारा खेळतो, जेथें ओल नाहीं, डांस नाहींत आणि जेथून हांक मारली तर घरांतील कोणाला तरी ऐकूं जाते, तेथें.